पलंग कुठून आणला ते आधी सांगा

मागच्या अंकातला पुण्याच्या बाईंचा लेख वाचला — सुट्टीत चार दिवसांसाठी भाड्यानं द्यायची खोली कशी सजवावी! पडदे कोणते, फुलदाणी कुठं, पलंगावर चादर कसली... वाचून माझं डोकंच फिरलं. काय मांडावं हे सगळेच सांगतात. काय मांडू नये हे कोण सांगणार? ते मी सांगते. छापायचं तर छापा, नाहीतर बंबात घाला.

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अंगात आलेली बाई घुमताना दिसली की तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटायची मला. आमच्या घरात तर मेलेल्या माणसांचं क्रियाकर्म हाच पोटापाण्याचा उद्योग. भिऊन कसं चालेल?

घर नळदुर्गला, किल्ल्याच्या वाटेवर. माझे सासरे — मी त्यांना मामंजी म्हणायची — भिक्षुक. लग्नमुंजीपेक्षा दहाव्या-बाराव्याचंच बोलावणं त्यांना जास्त. निजामी गेली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, सोलापूरच्या मोटारी वाढल्या. पावसाळ्यात किल्ल्यातला धबधबा बघायला तिकडची माणसं येऊ लागली आणि राहायला जागा विचारू लागली. म्हणून पुढच्या दोन खोल्या द्यायचं ठरलं. माझे यजमान तुळजापूरला शाळेत नोकरीला, सुट्टीलाच घरी यायचे. सासूबाई नव्हत्या. खोल्यांचा कारभार धाकट्या दिरांकडं. भाऊजी सोलापुरात शिकून आलेले, त्यामुळं जगातली सगळी अक्कल त्यांच्याकडंच!

आता शय्यादानाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माणूस गेला की त्याच्या नावानं भिक्षुकाला पलंग देतात. गादी, उशी, छत्री, वहाणा, कंदील, तांब्या... सगळा संच. तिकडं त्याला निजायला मिळावं म्हणून. मामंजी ते दान घ्यायचे, प्रायश्चित्ताचा जप करायचे आणि पलंग घराचा उंबरठा ओलांडू द्यायचे नाहीत. गोठ्यातूनच परगावच्या माणसाला विकला जायचा, तोही अख्ख्या संचासकट. कधी मोडला नाही हा नेम.

त्या वर्षी श्रावणात सास्तूरकडच्या एका बड्या शेतकऱ्याचा पलंग आला. शिसवी, कोरीव पायांचा, जाड नवारीचा. गाडीवान उतरवताना म्हणाला, "सांभाळून घ्या बाई. मालक लई खट होता. ह्या पलंगावर सख्खा ल्योक बी टेकत न्हवता, काठी फेकून मारायचा."

मामंजींना लगेच गाणगापूरला पारायणाला जायचं होतं. "मी येईपर्यंत हात लावू नका," असं बजावून ते गेले. त्यांची पाठ वळली आणि भाऊजींनी पलंग पुढच्या खोलीत मांडला.

मी म्हटलं, "भाऊजी, मामंजींनी काय सांगितलंय?"

"वैनी, सोलापूरची माणसं बाजेवर निजायला येत नाहीत. आणि मेलेला म्हातारा काय पलंग मागायला येतो का?"

छत्री त्यांनी स्वतःला ठेवली. वहाणा गड्याच्या पायात गेल्या, कंदील माझ्या स्वयंपाकघरात आला. मी भांडले, हो! पण ऐकतो कोण?

पहिलं बिऱ्हाड एका मास्तरांचं. दुपारी जेवून बाई पलंगावर आडव्या झाल्या आणि थोड्याच वेळात पदर सावरत बाहेर आल्या, तोंड लालबुंद. "तुमच्या सासऱ्यांना काही रीत आहे का? बाईमाणूस निजलंय तिथं येऊन उभे राहतात, वर सरक म्हणतात!"

"अहो बाई, सासरे गाणगापूरला आहेत."

"मग तो म्हातारा कोण?"

संध्याकाळच्या मोटारीनं ते निघून गेले. भाऊजी म्हणाले, जागा आवडली नसेल, निघायला निमित्त हवं होतं. खरं सांगते, मलाही तेव्हा तसंच वाटलं.

मग माझा भाऊ आला. दत्तू माझा एकुलता एक भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, माझ्या कडेवर वाढला. टायफॉईडातून नुकता उठलेला, हवापालट म्हणून वडिलांनी माझ्याकडं धाडलेला. हाडांचा सापळा नुसता. भाऊजी मोठ्या मनानं म्हणाले, "पलंग रिकामाच आहे की." माझा जीव धजत नव्हता, पण पोरगं दमून तिथं आडवं झालंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याजवळ अंबाडी निवडत बसले होते. लख्ख ऊन पडलं होतं. दत्तू मधोमध झोपला होता. बघते तर हळूहळू काठाकडं सरकतोय... कूस न बदलता, उताणाच! मी उठेपर्यंत धप्पकन खाली पडला. त्याला उचलून परत निजवला. तर पलीकडची अर्धी गादी खोल दबलेली, जड माणूस निजल्यासारखी. मी हात फिरवला. ऊबदार होती. थोपटली, झटकली, वर येईना. आणि माझ्या मनगटावर जोराचा फटका बसला, काठीचा असतो तसा. वळ उठला.

भ्यायचं सोडून मला संताप आला. जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या हासडल्या. "आजारी लेकराला ढकलतोस? मेलास तरी जागा सोडवत नाही व्हय रे?" दत्तूला ओढत माजघरात नेलं, चटईवर निजवलं.

तिथंही सुटका नाही. चटईवरनं सरकत सरकत तो भिंतीला जाऊन चिकटायचा आणि भिंतीला दाबला जायचा. "आक्का, तो सरक म्हणतो गं... आता कुठं सरकू?" ताप चढला, श्वास घुसमटू लागला. डॉक्टर आले, दुखणं उलटलंय म्हणाले, आणि जाताना हळूच म्हणाले, वडिलांना बोलावून घ्या. भाऊजींचं तोंड तेव्हा पांढरं पडलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "माझ्या भावाला काही झालं ना, तर ह्या घरात तुमच्या हातचं पाणी पिणार नाही."

तार करायला भाऊजी छत्री घेऊन निघाले आणि दारातच मामंजी समोर उभे! पारायण संपवून आले होते. त्यांनी छत्रीकडं बघितलं, मग पुढच्या खोलीकडं.

"कुणी मांडला?"

भाऊजींनी छत्री पाठीमागं लपवली.

मी पाय धरले. "मामंजी, तो पलंग त्यांच्या घरी परत टाकून या. नाहीतर जाळा. माझा दत्तू जातोय हो!"

"घेतलेलं दान परत देता येत नाही, मुली. जाळताही येत नाही. दानाचं पाणी माझ्या हातावर सुटलंय." ते आत गेले, दत्तूच्या कपाळावर हात ठेवला. मग वहाणा, कंदील, छत्री सगळं गोळा करून पलंगापाशी ठेवायला लावलं. स्नान केलं. ओलेत्यानंच त्या खोलीत गेले. मी दारात होते, माझ्या कानांनी ऐकलं —

"दान मी घेतलंय. त्या पोराचा काही संबंध नाही. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

आणि पलंगाच्या अगदी काठावर, कुशीवर निजले.

माजघरात दत्तूनं लांब श्वास सोडला. भिंतीपासून आपण होऊन बाजूला झाला, हातपाय पसरले आणि गाढ झोपला. दिवेलागणीला उठून म्हणाला, "आक्का, भूक लागली." मी भाताचं पातेलं घेऊन ढसाढसा रडले.

मामंजी त्यानंतर त्याच पलंगावर निजले, शेवटपर्यंत. घरात मांडला गेलेला पलंग आता दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा नाही, म्हणाले. खोली पुन्हा भाड्यानं दिली नाही. एवढ्या रुंद पलंगावर ते कायम काठाला, आणि बाकीची गादी दबलेली. कधी अंगावर वळ दिसायचे. विचारलं तर म्हणायचे, वय झालं. दुपारी मी चहा घेऊन गेले की कधी कधी त्यांचा आवाज ऐकू यायचा, अजिजीचा... "सरकतो, सरकतो." मला ऐकवायचं नाही. माझ्या भावाच्या वाटणीचं ते सोसत होते.

सुतार आणून दाखवला. नवार ताठ, लाकूड सरळ. गादी उसवून नवा कापूस भरला, पुन्हा तेच. कुणाला कारण कळत असेल तर लिहा. मला आजतागायत कळलेलं नाही.

गेल्या वर्षी मामंजी गेले. आदल्या दिवशी मला म्हणाले, "माझ्या नावानं शय्यादान करू नका. तो पलंग ज्या घरी जाईल तिथंही कुणाची तरी सून असेल, तिचा भाऊ असेल." आम्ही नाही केलं. भाऊबंद तोंडावर बोलले, अजून बोलतात. बोलू देत! पलंग त्याच खोलीत आहे, कुलपात.

दत्तूला आता दोन मुलं आहेत. तो आडवातिडवा पसरून घोरतो, आणि मी बघत बसते. पण दुपारी कधी पाठ टेकली की माझी झोप उडते... ज्यानं जन्मभर दुसऱ्यांसाठी अंथरुणं घेतली, तो माझा म्हातारा तिकडं कशावर निजत असेल?