काकू नांदेडला गेल्या

आकाशात विमानाचा आवाज आला की आमच्या गल्लीतल्या काकू तेलाचं माप हातात तसंच धरून आपल्या किराणा दुकानाबाहेर यायच्या. वर बघून ओरडायच्या, "उतर की रे मुडद्या हितंच!"

ते उतरायचं नाही. लातूरला विमानतळ आहे, धावपट्टी आहे, कुंपण आहे, पहारेकरी आहे. प्रवासी विमान तेवढं नाही. ते नांदेडला. नांदेडकरांनो, राग आला तर येऊ द्या, पण तुमच्या विमानतळाचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. लातूरला विमान सुरू व्हावं म्हणून झगडणाऱ्या आमच्या कृती समितीची पत्रकं मी लिहितो. त्यात याला 'अन्याय' म्हणतो. खरं तर हा जळफळाट आहे.

काकूंचा मुलगा दिल्लीला नोकरीला. विमानानं नांदेडला उतरायचा आणि पुढं लोहा, अहमदपूर करत लातूर गाठायचा. रस्ता बरा असला तर तीन तास, आणि तो किती बरा असतो ते तुम्हीही पाहिलंय. समितीनं बोलावलेल्या एका बैठकीत एक सरकारी साहेब म्हणाले, "दोन्ही विमानतळ हवाई अंतरानं अगदी जवळ आहेत. लातूरला वेगळं विमान कशाला?"

मागून काकू कडाडल्या, "हवेतून जवळ हाय म्हनं! आमी काय कावळं हाव का, सायेब?"

माझ्या पत्रकांवर मात्र त्या खूश नसायच्या. "अन्याय, अन्याय लई लिवतोस. लेकराला दोन रोज सुट्टी, त्यातला निम्मा वेळ ह्यो रस्ता खायलाय, हे लिव." मी लिहिलं. समितीनं 'घरगुती वाटतं' म्हणून खोडलं.

मग ती येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. त्या दिवशी लातूर घरांना कुलपं लावून शेतात जेवायला जातं. मुलगा दुपारच्या पंगतीला पोचणार होता. त्याला नांदेडहून आणायला काकूंनी ओळखीचा ड्रायव्हर सांगून ठेवला होता. तोही भिडेखातर "हाव काकू" म्हणाला होता. ऐन वेळी त्याचा फोन आला, "काकू, आमच्या शेतात पंगत बसलीय. ताटावरून उठू का?"

येळवशीला भरल्या ताटावरून उठ म्हणायला काकूंची जीभ रेटली नाही.

मुलगा एसटीनं आला. संध्याकाळी शेताभोवती फिरवायचा पेटत्या गवताचा हेंडगा फिरवून झाला होता, भज्जी-आंबिलीची मडकी रिकामी झाली होती, तेव्हा तो बांधावर दिसला. काकू तोवर उपाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत निघालासुद्धा.

काही महिन्यांत त्यानं नांदेडला विमानतळाजवळ घर घेतलं. काकूंनी दुकान विकलं.

"काकू, तुम्हीसुद्धा? नांदेडला?" मी चिडून म्हणालो.

"तुजं विमान यील तवा यीन माघारी," त्या पिशव्या बांधत म्हणाल्या. "तवर मला लेक बघू दे की."

त्यावर कुठलं पत्रक काढणार?

मागच्या महिन्यात समितीचं निवेदन द्यायला दिल्लीला गेलो. नांदेडहूनच, जाणार कुठून? परत उतरलो तर बाहेर गर्दीत काकू! टाचा उंचावून हात हलवत होत्या. त्या परक्या गावात मला घ्यायला कुणीतरी आलंय, या आनंदात मीही जोरजोरात हात हलवला. जवळ गेल्यावर कळलं, त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं होती. मागून त्याच विमानातून उतरलेला त्यांचा मुलगा येत होता.

मी बाजूला झालो. दोघं रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत काकू त्याच्या तोंडाकडंच बघत होत्या. मग मी लातूरची गाडी कुठून मिळते ते विचारायला लागलो.