पेन्सिलरावांनंतर माझी पाळी

कानामागे कायम पेन्सिल, म्हणून सगळे ज्यांना पेन्सिलराव म्हणत, त्यांना मी फारसं ओळखत नव्हतो. घरी कोण कोण असतं, हेही कधी विचारलं नाही. विधानसभेतली भाषणं लिहून घेणारे आम्ही लघुलेखक. प्रत्येकाने थोडा वेळ लिहायचं आणि खाली जाऊन टाइप करायचं. त्यांच्यानंतर माझी पाळी असे.

त्या आठवड्यात अर्थसंकल्पावर चर्चा चालली होती. कंत्राटी कर्मचारी ठेवायचे की काढायचे, हे त्यात ठरणार होतं. आमच्यात कंत्राटी पेन्सिलराव एकटेच. रोज माझ्यासाठी खुर्ची सोडताना कुजबुजत, "काका, मंत्र्यांचा खोकला गाळा, पण माझी नोकरी गाळू नका." हसून म्हणत आणि खाली टाइप करायला जात.

शुक्रवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ते उठून गेले आणि मंत्री उत्तराला उभे राहिले. कंत्राटी पदं महिनाअखेर रद्द, असं त्यांनी सांगितलं. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

खाली आलो तेव्हा ते टाइप करत होते. माझा चेहरा पाहून त्यांची बोटं थांबली. मग आमचं शेवटचं बोलणं झालं ते एवढंच.

"मंत्री भरभर बोलले का?"

"नाही, सावकाश बोलले."

"बरं झालं, काका. तुम्हाला लिहायला सोपं गेलं असेल."