कार्डावरचं नाव

गंगाराम कंडक्टर आयुष्यात दोनच वाक्यं मोठ्यानं बोलला. एक, "पुढे सरका." आणि दुसरं, "आपली माणसं वर जाऊ देत, मग बघा." एसटीतली बत्तीस वर्षांची नोकरी संपली तेव्हा पहिलं सुटलं. दुसरं काही सुटलं नाही. कातळवाडीतली पोरं त्याला पाठीमागे 'आपली माणसं' म्हणूनच हाक मारायची आणि तो वळून बघायचासुद्धा.

त्याचा पक्ष गरिबांचा. दर पाच वर्षांनी नेमानं पडणारा. निवडणूक आली की गंगाराम घरी खळ शिजवायचा, पोस्टर स्वतः चिकटवायचा आणि निकालाच्या दिवशी मुकाट्यानं भात काढायला जायचा. बायको हयात होती तोवर म्हणायची, "तुमच्या खळीच्या पिठाची भाकरी केली असती तर दोन गुरं जगली असती." तो हसायचा. पण रत्नागिरीच्या स्टँडवर उभं राहून त्यानं जन्मभर एकच सांगितलं होतं: गरिबाचा हक्क खोट्या लाभार्थ्यांनी खाल्लाय, त्यांना हाकला, खऱ्याला द्या. आणि स्वतः कधी खोटं बोलायचं नाही. तिकीट न फाडता त्यानं सख्ख्या मेव्हण्यालाही गाडीत घेतलं नव्हतं.

मग एका साली खरोखरच त्याची माणसं वर गेली. आणखी तीन पक्षांच्या खांद्यावर बसून का होईना, गेली. गंगारामानं वाडीत गूळ वाटला.

वर्ष सरलं आणि पडताळणीचे अर्ज आले. निराधारांचं पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकानं घरातली माणसं आणि त्यांची कमाई लिहून द्यायची. कार्डावर कमावता मुलगा असेल तर पेन्शन बंद. वाडीत धांदल उडाली. प्रत्येक म्हातारीच्या रेशनकार्डावर मुंबईतला मुलगा होताच. कोकणात कार्डावरचं नाव म्हणजे चुलीजवळची जागा. पोरगा दहा वर्षं मुंबईत राहिला तरी नाव इथंच ठेवतात. ते काढायचं दोनदाच: मुलगी सासरी जाते तेव्हा, नाहीतर माणूस मरतो तेव्हा. पण पोटापुढे रीत कुठवर टिकणार? बाजारातल्या सेतू केंद्रवाल्यानं युक्ती सांगितली आणि महिन्याभरात घरोघर मुलगे विभक्त झाले. चूल एक, कार्डं दोन.

गंगाराम संतापला. "आपलं राज्य आलं आणि आपणच लबाडी करायची? खरं लिहा. आपली माणसं आहेत वर, खऱ्याच्या पोटावर पाय नाही देणार."

कुणी ऐकलं नाही. ऐकलं एका हौसानं.

हौसा त्याच्या मित्राची विधवा. वय चौऱ्याहत्तर. तिचा दादू मुंबईला गेला त्याला बारा वर्षं झाली आणि शेवटचा घरी येऊन गेला त्याला सात. कुणी म्हणे भिवंडीला गोदामात आहे, कुणी म्हणे दुसरं घर केलंय. चिठ्ठी नाही, फोन नाही. गंगारामानं तिच्या ओटीवर बसून तिचा अर्ज स्वतःच्या हातानं भरला. कमावती व्यक्ती या रकान्यापाशी थांबून त्यानं विचारलं, "वैनी, काय लिहू?"

"लिवा, मुलगा दादू, मुंबईला नोकरीला." हौसानं डोक्यावरचा पदर नीट केला. सात वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या मुलाला कमावता म्हणून कागदावर घेत होतं. मग हळूच म्हणाली, "काय बिगडणार नाय ना, भावजी?"

"मी आहे ना," गंगाराम म्हणाला.

दिवाळीला यादी लागली. सगळ्या विभक्त म्हाताऱ्या यादीत होत्या. वाडीतलं एकच नाव गेलं होतं.

हौसानं शिव्या घातल्या असत्या तर गंगारामाला बरं वाटलं असतं. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायला लागली. काजूच्या टरफलातल्या तेलानं बोटांची सालटी निघतात. जुन्या बायका राख लावून बसतात, आणि त्यांचे हात सरावलेले असतात. हौसाचे पंधरा दिवसांत काळे पडून सोलवटले. रक्तदाबाची गोळी ती आता एकाआड एक दिवस घ्यायला लागली.

गंगाराम रत्नागिरीला पक्षाच्या कचेरीत गेला. तिथं मुंबईहून मृणाली नावाची मुलगी आली होती. सरकारनं कुठं हात सैल सोडायचा आणि कुठं आवळायचा, याचा आराखडा करणाऱ्यांपैकी ती एक. मुलगी वाईट नव्हती. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं.

"काका, आधीच्यांनी सरसकट वाटलं. तिजोरीत खडखडाट आहे," ती म्हणाली. "दवाखाने चालवायचे तर कुठंतरी कात्री लागणारच. आणि शहरातला कर भरणारा माणूस चिडलाय. तो तुटला तर पुढच्या वेळी आपण पडलो. मग येणारे ही योजनाच बंद करतील."

तिच्या बोलण्यात चूक काढावी अशी जागाच नव्हती. खोट्यांना हाकला, हे तर त्याचंच जुनं वाक्य होतं.

"पण ही खरी आहे," तो म्हणाला.

"शंभरात सहा-सात खरी माणसं चुकून जाणार, ते धरलंय आम्ही."

"धरलंय म्हणजे?"

"म्हणजे आधीपासून माहीत होतं." मृणालीनं मान खाली घातली. मग म्हणाली, "आजींच्या मुलाचं नाव काढून नवा अर्ज करा. मी तहसीलला फोन करते. मुलगा बेपत्ता आहे, संबंध नाही, एवढं लिहून द्या. सगळे असंच काहीतरी करतात."

"खोटं?"

"सात वर्षांत आला नाही म्हणता. मग खोटं काय त्यात, काका?"

नव्या अर्जाचा कागद घेऊन गंगाराम परतला. हौसानं तो त्याच्याकडून वाचून घेतला आणि बाजूला सारला. "मेल्यासारका काडू त्याला? माज्या हातानं?" तो रोज जायचा, रोज समजवायचा. आपण आता सेतूवाल्याचीच भाषा बोलतोय हे त्याला कळत होतं आणि स्वतःची शरम वाटत होती. पण तिचे हात बघितले की तो पुन्हा सुरू व्हायचा. "वैनी, नुसता कागद आहे हो. कागदानं काय होतंय?"

पौषात ती कारखान्यातच चक्कर येऊन पडली. चौथ्या दिवशी तिनं निरोप धाडून त्याला बोलावलं आणि हात पुढे केला. अंगठ्याला साल नव्हती, ठसा उठेना. गंगारामानं तिचा अंगठा धरून तीन वेळा शाईत दाबला. चौथ्यांदा उठला.

मृणालीचा फोन खरंच गेला असावा. शिमग्याच्या आधी पेन्शन सुरू झालं. गंगारामाला वाटलं, चला, निस्तरलं.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आप्पा गुरव गाऱ्हाणं घालतो, एकेकाचं नाव घेऊन देवाकडे राखण मागतो, आणि घरातल्या मुंबईकराचं नाव आधी घेतो, कारण राखण त्यालाच जास्त लागते. गंगारामाचा देवाशी संबंध नव्हता, पण हौसाचं अंगण त्यानंच सारवून घेतलं होतं आणि तो ओटीच्या लाकडी मेढीला टेकून उभा होता. पालखी टेकली. हौसानं ओटी भरली. आप्पानं सवयीनं सुरुवात केली, "बा देवा महाराजा, ह्या घरचा लेक दादू मुंबईला हाय, त्याला..."

"थांब आप्पा," हौसा म्हणाली. "त्याचा नाव नको घेऊ."

"का गो काकी?"

"कार्डावरना काडलाय त्याला. भावजींनी कागद केलानी, मी अंगठा दिलाय."

"अगो, तो सरकारचा कागद," आप्पा म्हणाला. "देवाला काय त्याचं?"

"सरकारला एक नि देवाला एक, असा कसा सांगू? भावजी कदी खोटा बोलले नाय."

सगळं अंगण गंगारामाकडे बघायला लागलं. घरी दोन-दोन कार्डं असलेली माणसं होती ती. कुणी हसलं नाही. गंगारामाला ओरडून सांगायचं होतं, की खोटा आहे तो कागद, मी खोटं लिहिलंय, दादूचं नाव घ्या. पण तसं सांगावं तर पेन्शन लबाडीचं ठरत होतं, आणि अंगणात सरपंच उभा होता.

"वैनी, नाव घेऊ द्या हो," तो कसाबसा म्हणाला.

"मग कागद खोटा हाय काय?" हौसानं विचारलं. तिला खरंच ऐकायचं होतं.

गंगाराम सरपंचाकडे बघून पुन्हा मेढीला टेकला. आप्पानं एकट्या हौसाच्या नावानं गाऱ्हाणं पुरं केलं. माणसं "व्हय महाराजा" म्हणाली. ढोल वाजले, पालखी उठून पुढच्या अंगणात गेली.

हौसानं पालखीचा नारळ फोडला. दरवर्षी एक भकल, नारळाची अर्धी वाटी, ती स्वतः खायची आणि दुसरी दादूसाठी शिंक्यात ठेवायची, पार नासेपर्यंत. या वर्षी दुसरी तिनं गंगारामाच्या हातात दिली.

"न्या घरी, भावजी," ती म्हणाली. "हितं आता खाणारा एकच माणूस हाय."