उपास आणि उपाशी
उकडलेल्या रताळ्यांचा वास आला की मला कोल्हापूरच्या त्या तपासणी केंद्रातला गार लोखंडी बाक आठवतो. आईचा ताप कित्येक आठवडे उतरत नव्हता. रत्नागिरीतल्या साऱ्या तपासण्या झाल्या होत्या आणि कर्करोग हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. शेवटी पेट-सीटी ही तपासणी करायचे ठरले. तीत किरणोत्सारी साखर टोचतात. शरीरात जिथे गाठ किंवा दाह असेल तिथे ती अधिक ओढली जाते आणि चित्रात उजळते. त्यामुळे त्याआधी पोटात काहीच असून चालत नाही. आंबा घाट चढून पोहोचेपर्यंत आम्ही दोघेही पार शिणलो होतो. तंत्रज्ञाने विचारले, “काकू, फोनवर सांगितलं होतं तसा उपास केलात ना?” “केला की. नुसतं रताळं नि दूध.” त्याने हातातली सुई खाली ठेवली. “अहो, उपाशी यायचं होतं.” “मग उपाशी म्हणायचं. तुम्ही उपास म्हणालात, तो मी नीट केला.” जन्मभर व्याकरण शिकवलेल्या मला त्यात चूक काढता येईना. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. लॉजच्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून पडली, आणि आणखी एक दिवस काही कळणार नाही याचे मला बरेच वाटले. दुसऱ्या दिवशी चित्रात महाधमनीची भिंत उजळली. डॉक्टर म्हणाले, कर्करोग नव्हे, रक्तवाहिनीचा दाह आहे. गोळ्यांनी आटोक्यात येईल. आज एकादशी. आईने रताळ्यांची बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “खा. आज कुठे जायचं नाहीये.”