घळीच्या तोंडाशी

तळेगाव ढमढेऱ्यात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारे एक चाचा आम्हाला उत्तर सह्याद्रीतल्या, लाव्ह्यातून घडलेल्या कड्यांवर न्यायचे. त्याआधी एकटे जाऊन वाट, पाणी, उतरायची जागा बघून यायचे. एकदा माथा अगदी जवळ आला असताना ते घळीच्या तोंडाशी थांबले. वरून बारीक खडे गळत होते.

"दगड सुटलाय. आज न्हाई. मागं फिरा."

"चाचा, धाच मिनिटं ऱ्हायलीत!"

"ऱ्हाऊ द्या की."

आम्ही कुरकुरत उतरलो. पठारावर पोचतोय तोच त्या घळीतून जीपएवढा दगड गडगडत गेला. पायाखालची जमीन हादरली. आम्ही थिजून वर बघत राहिलो. चाचा मात्र एकेकाला नावानं हाक मारत होते. सगळ्यांनी ओ दिल्यावर ते मटकन खाली बसले.