वायरमनच्या पाठीवर मोडलेला बांबू

मंडळी, आज घडलं ते लिहितोय.

नवं सरकार आलं तेव्हा गावातल्या विजेच्या डीपीपुढे आम्ही नारळ फोडला होता. आता लाइट जाणार नाही म्हणून पेढे वाटले होते. आज दुपारी त्याच डीपीपुढे आम्ही वायरमनला मारलं.

दिंडोरीजवळच्या आमच्या गावात तीन दिवस लाइट नव्हती. वायरमन भास्करभाऊ मोटरसायकलवरून आले आणि वीस-पंचवीस जणांनी त्यांना खाली ओढलं. कॉलर मी धरली होती. हो, मीच. "सरकार बदललं, तुम्ही कधी बदलणार?" असं ओरडत मी त्यांच्या कानाखाली दिली. कोणीतरी त्यांच्याच गाडीला बांधलेला लांब बांबू सोडला आणि त्यांच्या पाठीत घातला. तिसऱ्या फटक्याला बांबू मोडला, तेव्हा कुठे सगळे थांबले.

भास्करभाऊंनी ओठावरचं रक्त पुसलं. "आठ गावांना मी एकटा हाय," ते म्हणाले. "इथं फक्त खांबावरचा फ्यूज पडलाय. दोन मिनिटांचं काम. पण तो खालून ह्याच बांबूनं बसवतात. ऑफिसातून मिळाला नाय, म्हणून घरून आणला व्हता. आता कशानं बसवू?"

ते लंगडत गाडीपर्यंत गेले आणि निघून गेले.

लाइट अजून नाही. 'नवं सरकार हा अंधार घालवेल का?' अशी पोस्ट मीच मागच्या आठवड्यात टाकली होती. आज दुसरंच विचारतो. चांगला वाळलेला बांबू मी शोधून ठेवलाय. तो हातात घेऊन भास्करभाऊंच्या दारात उभा राहिलो आणि त्यांच्या बायकोने दार उघडलं, तर तिला काय वाटेल?