लाइल स्टँपरची दोन वर्षं

केंटकीच्या डोंगरांतल्या आमच्या गावात केस कापायचं दुकान एकच, लाइल स्टँपरचं. माझं हार्डवेअरचं दुकान त्याला भिंतीला भिंत लावून, त्यामुळे तिकडचं सगळं मला आपोआप कळायचं.

लाइल पंचेचाळिशीत असताना त्याचे वडील मांडीचं हाड मोडून काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, हॉस्पिटलात पडले. लाइल रोज त्यांची दाढी करायला जायचा. तिथली एक नर्स एकटीने म्हाताऱ्याला कुशीवर वळवायची आणि म्हातारा हूं की चूं करायचा नाही. घरचे हलवायला गेले की मात्र शिव्यांचा पाऊस.

"तिने हात नेमका कुठे घातला, तेच कळेना," लाइल मला म्हणाला. वडील बरे होऊन घरी आले, तरी त्याच्या डोक्यातून ते जाईना. एका दुपारी येऊन म्हणाला, "मी नर्स व्हायचं म्हणतोय."

मी खिळे तोलत होतो. "कुणाची?" मी विचारलं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्याची बायको रेनिटा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिने मक्याचा पाव कापता कापता विचारलं, "घर कशावर चालणार?"

"माझं दुकान संध्याकाळी आणि शनिवारी उघडं ठेवीन. तुझा पगार आहेच."

"आणि अभ्यास?"

"मधल्या वेळात."

"मधल्या वेळात तू घोरतोस, लाइल."

त्याची बहीण नॅडीन लेक्सिंग्टनला मोठ्या हॉस्पिटलात नर्स. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "करायची तर चार वर्षांची पदवी कर. दोन वर्षांच्या कोर्सवाल्यांना आमच्याकडे दारात उभं करत नाहीत."

लाइलचा चेहरा पडला. चार वर्षं दुकान अर्धं बंद ठेवणं त्याला झेपणारं नव्हतं. आठवडाभर त्याने हा विषयच काढला नाही. मग एके सकाळी स्वच्छ शर्ट घालून तो काउंटीच्या हॉस्पिटलात गेला आणि मुख्य नर्स केचमबाईंना गाठून सरळ विचारलं, "दोन वर्षं शिकून आलो तर घ्याल का?"

केचमबाई त्याला वॉर्डच्या दाराशी घेऊन गेल्या. "त्या तिघी दिसतात? दोघी दोन वर्षांच्या आहेत, एक चार वर्षांची. ओळख बरं."

लाइल बराच वेळ बघत राहिला. "नाही ओळखता येत."

"परवान्याची परीक्षा सगळ्यांना एकच असते. पण माझ्या खुर्चीत बसायचं असेल, तर पुढे शिकावं लागेल. बसायचंय?"

लाइलने मागे त्यांच्या टेबलावरचा कागदांचा ढीग पाहिला. "नको बाई. खुर्च्या माझ्याकडे तीन आहेत."

त्या हसल्या. "मग आधी कॉलेजात एकच विषय घेऊन बघ. शरीररचना. निम्मे लोक तिथूनच परत जातात. तू राहिलास, तर ये."

त्याने तेच केलं. तो हिवाळा आमच्या डोक्यांवरून गेला, अगदी खरोखर. कंगवा फिरवताना लाइल कवटीची हाडं म्हणायचा. "हे पराइटल. हे टेम्पोरल. मान खाली घ्या ऑर्विलकाका, ऑक्सिपिटल बघू दे."

ऑर्विलकाका म्हणजे खाणीतून निवृत्त झालेला, तोंडाळ माणूस. "केस काप बाबा. हाडं माझी मी सांभाळतो."

"टक्कल असतं तर फार सोपं गेलं असतं."

"माझ्या बायकोला सांग. ती वाटच बघतेय."

त्या विषयात लाइल पास झाला, तोही वरच्या नंबरात. निकालाच्या दिवशी तो रेनिटाला म्हणाला, "पैशाचा हिशोब अजून नीट जुळत नाही. पण वर्गात बसलो की घड्याळाकडे लक्ष जात नाही माझं."

रेनिटाने निकालाचा कागद फ्रिजवर चिकटवला. मग म्हणाली, "मग जा. तिसरी खुर्ची विकून टाक, तिच्यावर कुणी बसत नाही. आणि घोरायचं ते बाहेरच्या खोलीत."

पुढची दोन वर्षं सोपी नव्हती. औषधांच्या मात्रांच्या गणितात तो एकदा नापास झाला आणि दोन दिवस दुकानच उघडलं नाही. शेवटी रेनिटानेच त्याला शाळेच्या स्वयंपाकघरात बसवलं. दहा माणसांचं सूप तीनशे मुलांसाठी कसं वाढवायचं, ते ती रोज करायचीच. तिच्या तोंडून ऐकल्यावर गणित डोक्यात शिरलं. परवान्याची परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला.

आता तो आठवड्यातले तीन दिवस काउंटीच्या हॉस्पिटलात असतो. नॅडीन अजूनही फोनवर म्हणते, "उरलेली दोन वर्षं करून टाक, हॉस्पिटल खर्च उचलेल." लाइल म्हणतो, "बघू." करेलही कदाचित. शनिवारी दुकान उघडतं, पण तिथे आता वेळ फार लागतो. लाइल आधी तुमचं ब्लडप्रेशर बघतो, मिठाबद्दल चार शब्द ऐकवतो, आणि मगच कात्री हातात घेतो.